विटा झेलणारा मुलगा

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॅप गटावर रोज सकाळी सुविचार येतात. मी ते वाचते, हात जोडल्याचे चित्र पाठवते आणि चहाला लागते. मागच्या आठवड्यात मात्र एक मजकूर वाचता वाचता चहा गार झाला. एका अमेरिकन फुटबॉलपटूची गोष्ट होती. गवंड्याचा मुलगा, वडिलांच्या कामावर भावांनी फेकलेल्या विटा झेलायचा, त्यातून त्याचे हात असे तयार झाले की पुढे त्याच्यासारखा झेल घेणारा दुसरा झाला नाही. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य : कष्टाला पर्याय नाही. त्याखाली वीस-पंचवीस अंगठे.

गोष्ट खरी आहे. त्या खेळाडूचे नाव जेरी राइस. तरीही मी अंगठा दिला नाही. पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ आहे आणि चार शब्द बोलायला मला बोलावले आहे. अशा वेळी हीच गोष्ट सांगायचा मोह होतो. पण ती अर्धी सांगितली तर फसवणूक होते असे माझे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता तुम्ही म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या या बाईंचा अमेरिकन फुटबॉलशी काय संबंध? माझा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. तिकडे दोन हिवाळे काढले, आणि त्या दिवसांत रविवारी घरात दुसरे काही चालतच नाही. नातवाच्या खोलीत ८० आकड्याचा लाल सदरा टांगलेला. तो जेरी राइसचा. नातवाने मला खेळ शिकवला आणि हा माणूसही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, लांबोडका चेंडू. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्याला. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, आणि कडेला लांब उभा राहून, ठरलेल्या वाटेने पळत जाऊन तो झेलणारा म्हणजे वाइड रिसीव्हर. झेलला की झाले असे नाही. झेलताक्षणी दोन-तीन दांडगे गडी अंगावर येतात, त्यांना चुकवून पुढे पळायचे. पार टोकाच्या रेषेपलीकडे गेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

जेरी राइस जन्मला १३ ऑक्टोबर १९६२ रोजी, मिसिसिपी राज्यात. त्याच्या जन्माआधी जेमतेम दोन आठवडे त्याच राज्याच्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल होत होता, म्हणून दंगल उसळली होती आणि तीत दोघांचा जीव गेला होता. अशा मुलखात, क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात, आठ भावंडांत हा वाढला. वडील गवंडी. उन्हाळ्यात मुले त्यांच्या हाताखाली राबायची. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा परांचीवर उभा राहून झेलायचा. आमच्या गटावरचा मजकूर एवढेच सांगून एकदम विक्रमांवर गेला.

मधली गोष्ट गळली, आणि ती नेमकी शाळेतली आहे! जेरी दहावीत होता. एक दिवस वर्गाला दांडी मारून शाळेच्याच आवारात भटकत होता. उपमुख्याध्यापक मागून गुपचूप आले आणि त्यांनी हाक दिली. पोरगे दचकले आणि जीव खाऊन पळत सुटले. दांडीबद्दल शिक्षा व्हायची ती झालीच. पण त्या गृहस्थांनी आणखी एक गोष्ट केली. हा मुलगा काय पळतो, हे त्यांनी जाऊन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला सांगितले. तोवर जेरी शाळेच्या संघात नव्हता. पुढच्या साऱ्या कारकिर्दीची सुरुवात त्या दांडीपासून झाली.

ही गोष्ट नातवाने सांगितली तेव्हा तो हसत होता. मला हसू आले नाही. मला आमचा एक मुलगा आठवला.

तालुक्याच्या गावची शाळा. आठवीतला मुलगा, बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर. एकदा मी स्वतः बाजारात जाऊन त्याला पकडले. आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसला होता. आजूबाजूच्या तीन-चार बायका आपापले हिशेब त्यालाच विचारत होत्या आणि तो पावशेर, अडीच किलो, साडेतीन रुपये असे सगळे तोंडी, न अडखळता सांगत होता. मी हे डोळ्यांनी पाहिले. मग त्याचा कान धरून शाळेत आणले, हातावर सहा फूटपट्ट्या दिल्या आणि वर्गाच्या दारात उभे केले. त्यानंतर त्याने एकही बाजारचा दिवस चुकवला नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता हे लपवत नाही.

तो गणितात नापास व्हायचा. आमचे गणिताचे सर माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसायचे. बाजारात जे पाहिले ते मी त्यांना सांगितले नाही. मुद्दाम नव्हे, सांगण्यासारखे काही आहे हे माझ्या डोक्यातच आले नाही. मी गैरहजेरी पाहायला गेले होते आणि गैरहजेरी पाहून आले. नववीनंतर त्याने शाळा सोडली.

असो. मूळ विषयाकडे वळते.

मोठ्या विद्यापीठांनी जेरीकडे पाहिले नाही. तो गेला इट्टा बेना गावच्या मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात. कृष्णवर्णीयांसाठी निघालेली लहानशी संस्था. तिथले प्रशिक्षक आर्ची कूली चेंडू हवेत फेकण्यावर भर देत. फेकणारा विली टॉटन आणि झेलणारा राइस अशी जोडी जमली. १९८४ च्या मोसमात संघाने दर सामन्याला सरासरी साठाहून अधिक गुण केले आणि राइसने २७ टचडाउन झेलले. आज त्या विद्यापीठाच्या मैदानाला या दोघांचेच नाव आहे.

तरी शंका राहिलीच. व्यावसायिक संघ खेळाडू निवडण्याआधी त्यांना चाळीस यार्ड पळायला लावून घड्याळ लावतात. जेरीचा वेळ साधारण निघाला. लहान विद्यापीठ, साधारण वेळ. मग आकडे कितीही मोठे असोत, कागदावर शेरा पडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाचे बिल वॉल्श यांनी मात्र एका रात्री हॉटेलच्या खोलीत दूरदर्शनवर त्याच्या खेळाची क्षणचित्रे पाहिली होती आणि ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९८५ च्या निवडीत त्यांनी दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून वरचा क्रमांक मिळवला आणि सोळाव्या क्रमांकावर त्याला घेतले. त्याच्याआधी दोन वाइड रिसीव्हर निवडले गेले होते. घड्याळाने दाखवले ते खोटे नव्हते. पण चेंडू हातात असताना, मागे माणसे लागलेली असताना हा मुलगा किती वेगाने पळतो, ते त्या घड्याळाला कळण्याजोगे नव्हते. परीक्षेचे पेपर आयुष्यभर तपासलेल्या बाईने हे लिहावे यात गंमत आहे खरी :)

पहिले वर्ष कठीण गेले. विटा झेललेल्या हातांतून साधे चेंडू सुटू लागले. घरच्याच मैदानावर प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. मग डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एका सोमवारी रात्री त्याने १० झेल घेऊन २४१ यार्ड काढले आणि लोक गप्प झाले. पुढच्या वर्षी ८६ झेल, १,५७० यार्ड, १५ टचडाउन. आणि त्या मोसमाच्या शेवटी, ४ जानेवारी १९८७ रोजी, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरीचा सामना. राइसने चेंडू झेलला, पुढे मोकळे मैदान, टचडाउन नक्की. आणि कुणाचा धक्काही न लागता चेंडू हातातून निसटला. संघ ४९-३ असा हरला. एका चेंडूने एवढा पराभव होत नाही हे उघड आहे. पण पुढच्या मोसमात हा माणूस असा खेळला की जणू तो निसटलेला चेंडू रोज परत झेलतो आहे. खेळाडूंच्या संपामुळे त्या वर्षी त्याला १२ सामनेच मिळाले आणि त्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. तो विक्रम २० वर्षे टिकला. २००७ मध्ये रँडी मॉसने २३ केले, १६ सामन्यांत.

त्याच्या सरावाच्या कथा तिकडे आपल्याकडच्या पुराणकथांसारख्या सांगतात. एजवूड पार्कमधली एक टेकडी आहे, अडीच मैलांची चढण. संघातला सहकारी रॉजर क्रेग त्याला तिकडे घेऊन गेला आणि मग सुटीच्या दिवसांत टेकडी हा त्याचा नेमच झाला. इतर खेळाडू बरोबर यायचे आणि अर्ध्यात बसायचे. सरावात साधा झेल घेतला तरी हा थेट टोकाच्या रेषेपर्यंत पळत जायचा. ऑगस्ट १९९७ मध्ये गुडघा मोडला. त्याआधी तो सलग १८९ सामने खेळला होता. त्याच वर्षी डिसेंबरात परत आला, टचडाउन झेलला, आणि त्याच झेलात गुडघ्याची वाटी फुटली. वाचताना आपल्याच गुडघ्यात कळ येते.

आकडे सांगायचे तर २० मोसम, ३०३ सामने, १,५४९ झेल, २०८ टचडाउन, तीन सुपर बोल विजय. झेलांतून २२,८९५ यार्ड. मी हिशेब केला. हे जवळजवळ २१ किलोमीटर होतात, आणि त्यातल्या प्रत्येक पावलाला कुणीतरी पाडायला टपलेले. दुसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झगेराल्ड आहे आणि तो ५,४०० यार्डांहून अधिक मागे आहे. २००२ च्या मोसमात, ओकलंड रेडर्सकडून खेळताना, चाळिशी गाठलेल्या राइसने ९२ झेल घेतले. त्या वयात आम्ही गुडघ्याला तेल चोळायला लागलो होतो!

शेवट मात्र फार साजरा झाला नाही. रेडर्सनंतर सिॲटल, मग २००५ मध्ये डेन्व्हर. तिथे आपला नंबर रांगेच्या शेवटी लागणार हे कळल्यावर मोसम सुरू होण्याआधीच त्याने खेळ सोडला. पुढच्या वर्षी जुन्या संघाने मान म्हणून एका दिवसापुरता करार केला. कागदावर रक्कम घातली १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ हे निवडीचे वर्ष, ८० सदऱ्याचा आकडा, ०६ निवृत्तीचे वर्ष आणि ४९ संघाच्या नावाचे. पैसे काही मिळाले नाहीत, पण लिहिणाऱ्याची कल्पकता पाहा.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले त्याकडे येते.

ऑगस्ट २०१० मध्ये कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा गौरव झाला. त्या भाषणात त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी की आपण कमी पडू ही भीती हेच आपल्याला आयुष्यभर पळवणारे इंजिन होते. आणि दुसरी अशी की आपल्या कारकिर्दीबद्दल एकच खंत आहे : आपण तिचा आनंद घ्यायला कधी थांबलोच नाही, सतत कामच करत राहिलो.

नातवाने ते भाषण मला लावून दाखवले. मी त्याला ते पुन्हा लावायला सांगितले. वीस वर्षे ज्याला पाहून लाखो माणसे आनंदाने उड्या मारत होती, तो स्वतः त्या आनंदात नव्हता. तो त्या उपमुख्याध्यापकांच्या हाकेने दचकून पळाला तो जणू पळतच राहिला.

आणखी एक गोष्ट आहे आणि तीही सांगितलीच पाहिजे. २०१५ मध्ये त्याने बोलता बोलता कबूल केले की हातमोज्यांवर तो चिकट फवारा मारत असे. चेंडू हाताला चिकटावा म्हणून. लीगने असल्या पदार्थांवर १९८१ मध्येच बंदी घातली होती, आणि हा तर आला १९८५ मध्ये. गदारोळ झाल्यावर त्याने माफी मागितली, पण आमच्या काळात सगळेच लावत होते असेही म्हणाला. त्याच्या काळातल्या काहींनी ते नाकारले. 'सगळेच करतात' हे उत्तर मी परीक्षा कक्षात इतक्यांदा ऐकले आहे की वाचताना मी एकदम पर्यवेक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसले. २१ किलोमीटरचा सगळा पल्ला फवाऱ्यावर कापता येत नाही, हे मलाही कळते. टेकडी खोटी नव्हती. पण खिशात चिठ्ठी नेहमी ढ मुलांच्याच सापडते असे नाही. पहिला नंबर जाईल या धास्तीने वर्षभर झोप न घेतलेल्या मुलांच्याही सापडते. भीती माणसाकडून टेकडी चढवून घेते आणि चिठ्ठीही लिहवून घेते. ती दोन्हींत फरक करत नाही. हे माझे मत. जेरी राइसच्या मनात काय होते ते त्याला ठाऊक.

माझा मुलगा म्हणतो, "आई, ती भीती नसती तर जेरी राइस झालाच नसता." त्याचे म्हणणे मी सहजासहजी खोडून काढू शकत नाही. पण मी त्याला त्याच्याच आवडत्या सामन्याची आठवण करून दिली. जानेवारी १९८९, मायामी, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध सुपर बोल. फोर्टीनाइनर्स १६-१३ असे मागे, तीन मिनिटे नि काही सेकंद उरलेली, आणि ९२ यार्ड जायचे. अशा वेळी क्वार्टरबॅक जो मोंटाना सहकाऱ्याला काय म्हणाला? "तो बघ, तिकडे प्रेक्षकांत जॉन कँडी उभा आहे!" म्हणजे विनोदी नट. मग शांतपणे एकेक चेंडू फेकत तो संघाला पुढे घेऊन गेला. त्या चढाईत राइसने ५१ यार्ड काढून दिले, शेवटचा चेंडू जॉन टेलरने झेलला, ३४ सेकंद राखून सामना २०-१६ असा जिंकला. राइस ११ झेल आणि २१५ यार्डांसह सामन्याचा मानकरी ठरला. एकाच संघात, एकाच मिनिटाला, एक जण भीतीवर पळत होता आणि दुसऱ्याला गर्दीतला नट दिसत होता. दोघेही जिंकले. तेव्हा भीतीवाचून मोठे होता येत नाही, हे म्हणणे त्या मैदानावरच खोटे ठरले होते.

मुलगा त्यावर काही बोलला नाही. त्याच्या हातावरही मी लहानपणी फूटपट्टी चालवली आहे, आणि ते आम्हा दोघांना त्या क्षणी आठवले असावे.

आम्हा शिक्षकांची चूक कुठे होते ते मला आता असे दिसते. आम्ही ही शाळेतली गोष्ट ऐकतो आणि म्हणतो, पाहा, धाक होता म्हणून मुलगा घडला. धाक तर त्याला होताच. गरिबाच्या घरी, त्या मुलखात, तो वेगळा द्यावा लागत नव्हता. शाळेने त्याला नवे दिले ते एवढेच, की कुणीतरी त्याचे पळणे पाहिले आणि योग्य माणसाला जाऊन सांगितले. शिक्षा मीही केली होती. पण शिक्षेनंतर शेजारच्या खुर्चीकडे वळून एक वाक्य बोलायचे राहिले. २००९ च्या कायद्याने आता शाळेत मारायला बंदी आहे, ते बरेच झाले. पण पाहण्याची सक्ती करणारा कायदा कुठून आणणार?

तर निरोप समारंभात मी जेरी राइसची गोष्ट सांगणार आहे, विटांपासून. टेकडीही सांगेन, कारण कष्टाला पर्याय नाही हे मलाही मान्य आहे. पण मग निसटलेला चेंडू सांगेन, चिकट फवारा सांगेन, आणि सगळे मिळवल्यावर व्यासपीठावर उभे राहून 'मी आनंद घ्यायचा राहिलो' म्हणणारा माणूसही सांगेन. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलांना हे सांगावे का, असे आमच्या मुख्याध्यापकांना वाटेल कदाचित. मला वाटते, त्यांनाच सांगावे.

आणि नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा होईल तेव्हा बाजारातल्या त्या मुलाची गोष्ट सांगेन. ती आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. तो आता पन्नाशीच्या पुढे असेल. कुठे आहे, काय करतो, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल आणि तुमच्याही मनात असे एखादे पळणारे पोर राहून गेले असेल, तर जरूर लिहा. मला वाचायला आवडेल.